कबुतरी गुहेतली मानाची जागा

व्याह्याला त्याचं वजन विचारता येत नाही, ही साधी गोष्ट सरहद्द चौकीतल्या लेफ्टनंटला पटवून देण्यात माझी एक अख्खी सकाळ गेली.

"समुद्रात जाणाऱ्या प्रत्येकाचं वजन लिहायचं," तो फॉर्मवर बोट ठेवून म्हणाला. "नियम आहे."

"अरे बाळा, ते माझे व्याही आहेत."

"बरं, मग?"

"तुझं लग्न झालंय का?"

"ठरलंय. सप्टेंबरात आहे."

"मग सप्टेंबर उलटला की तुझ्या वडिलांना सांग, व्याह्यांना जरा काट्यावर उभं करा म्हणून. नंतर आपण दोघं बोलू."

लेफ्टनंट विचारात पडला. पोरगा मुळात वाईट नव्हता, फक्त त्याला टेबल दिलेलं होतं. आवाज खाली आणून, थोरल्या भावाला हाक मारावी तसा तो म्हणाला, "अंदाजे लिहा, आगा." मी नव्वद लिहिलं. काकिमजान व्याह्यांना मी तोवर फोनवरच पाहिलं होतं, तेही खांद्यापर्यंत, आणि तेवढ्यानंच फोन भरून जात होता. पण शंभराच्या वरचा आकडा सरकारी कागदावर, माझ्या अक्षरात, खाली माझी सही! उद्या तो कागद त्यांच्या हाती लागला तर हजार वर्षं निस्तरत बसा. आमच्यात म्हणतातच, जावई शंभर वर्षांचा, व्याही हजार वर्षांचा.

पुढचा रकाना इंजिनच्या नंबरचा होता. मी म्हटलं, मोटरबोटीचा नंबर हा घ्या, पण कयाकला इंजिन नसतं, ती वल्ह्यानं चालते. तो म्हणाला, नसतं हे मला माहीत आहे, पण 'नाही' लिहायला रकाना नाही, त्यामुळे इंजिन नसल्याचा दाखला आणा. असा दाखला आमच्या अक्ताऊ शहरात कोण देतं हे त्याला ठाऊक नव्हतं. बंदरात विचारलं तर ते म्हणाले, आम्ही असलेल्या गोष्टींचे दाखले देतो. शेवटी मीच घरी बसून लिहिला. एकतीस वर्षं मी या शहरात पाण्याचे मीटर तपासतोय, गोल शिक्का माझ्याकडे आहे. 'सदर वस्तूची प्रत्यक्ष तपासणी केली, इंजिन आढळले नाही, गळती नाही.' दुसऱ्या दिवशी लेफ्टनंटनं शिक्का उजेडात धरून पाहिला आणि समाधानानं फाइलला लावला.

एवढ्यावर भागलं असतं, पण ओळखपत्रांच्या प्रती राहिल्या होत्या. घरी येणाऱ्या व्याह्यांना 'आधी ओळखपत्र दाखवा' म्हणणारा माणूस आमच्या सबंध अदाय कुळात आजवर जन्मलेला नाही, आणि पहिला होण्याची मला हौस नव्हती. मग होणाऱ्या जावयाकडून, येर्कानातकडून, गुपचूप फोटो मागवले. हा सगळा खटाटोप कशासाठी, तर एका गुहेत अर्धा तास जाऊन यायला.

आता गुहा कुठून आली ते सांगतो. माझी मुलगी तोल्गनाय दातांची डॉक्टर आहे. तिचं येर्कानातशी ठरलं. मुलगा सोन्यासारखा, इथेच बंदरात इंजिनिअर. पण तो त्याच्या घरातला धाकटा. आणि धाकट्या मुलाला बापाचं घर मिळतं, घराबरोबर आईबापही मिळतात, हे आमच्याकडे आभाळाइतकं ठरलेलं. बापाचं घर कुठे, तर पार उत्तरेला पेत्रोपावलला, जिथे ऑक्टोबरात बर्फ पडतं आणि एप्रिलपर्यंत उठत नाही. साखरपुड्याला व्याही स्वतः आले नव्हते, भावाला पाठवलं होतं. भावानं तोल्गनायच्या कानात मागणीचे डूल घातले, भरपेट जेवला, आणि जाता जाता सांगून गेला की पोरांसाठी वरचा मजला बांधून तयार आहे.

तोल्गनाय दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ओतताना म्हणाली, "पापा, मला नाही जायचं." बस, एवढंच. ती आमची एकुलती एक. ती गेली तर घरात मी आणि उल्बोसिन, आणि आम्हा नवराबायकोला बोलायला तिच्याशिवाय दुसरा विषय कुठला आहे?  पण मुलीच्या बापानं अटी घालायच्या नसतात. मुलीनं तर त्याहून नाही. राहता राहिला एकच मार्ग. व्याही जुलैत पाच दिवस सुट्टीला येणार होते, आणि जन्मात त्यांनी समुद्र पाहिलेला नव्हता. "त्यांना समुद्र आवडला पाहिजे, पापा," तोल्गनाय म्हणाली. "इथलं सगळं आवडलं की येर्कानात विषय काढेल."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. गोंधळ माझ्या जिभेनं केला. फोनवर व्याही सहज म्हणाले, "समुद्र म्हणजे काय हो, मोठं तळंच ना?" मला ते लागलं. मी म्हटलं, "व्याहीबुवा, आमच्या समुद्रात गुहा आहेत. होडीनं आत जावं लागतं."

"तुम्ही गेलाय?"

"गेलाय म्हणजे? लहानपण तिथंच गेलं माझं. तीन पुरुष खोल पाणी!"

खरं म्हणजे मी एकदाच गेलो होतो. नऊ वर्षांचा असताना, वडिलांच्या होडीतून, त्यांचा पट्टा घट्ट धरून आणि डोळे मिटून. पण बाण सुटला तो सुटला. "मग आम्हालाही न्या," व्याही म्हणाले.

आमच्या शहरात रस्त्यांना नावं नाहीत, वस्तीला नंबर, इमारतीला नंबर, घराला नंबर. त्यामुळे पत्र चुकतं, पण बातमी कधीच चुकत नाही. संध्याकाळपर्यंत अख्खी इमारत माझ्या स्वयंपाकघरात चहाला बसली होती. त्यांत अग्रभागी पाचव्या मजल्यावरचा कोयशिगुल. बंदरात क्रेन चालवून निवृत्त झालेला माणूस. तीस वर्षं सगळ्यांकडे उंचावरून पाहायची सवय, ती खाली उतरल्यावरही गेलेली नाही.

"मोटरबोट गुहेत शिरणार नाही," कोयशिगुल म्हणाला. "कबुतरी गुहेचं तोंड अरुंद आहे. कयाक पाहिजे. दोघांची. माझ्या पोराची आहे बाल्कनीत पडलेली."

"छान, प्रश्न मिटला," मी म्हटलं.

"कुठला मिटला? व्याह्यांना बसवणार कुठे?"

आणि मग तो वाद सुरू झाला, जो साडेतीन तास आणि चार किटल्या चालला. घरात मानाचा पाहुणा 'तोर'वर बसतो, म्हणजे दारापासून सगळ्यात लांबच्या जागी. जितका मान मोठा तितकं दार लांब. पण कयाकमध्ये तोर कुठला? तळमजल्यावरच्या मास्तरांचं म्हणणं, जहाजाचा कप्तान मागे असतो, सबब मागे. कोणी म्हणालं, उंटावर पाहुणा पुढे बसतो. कोणी म्हणालं, उंटाचा इथे काय संबंध. उल्बोसिन अगदी रडकुंडीला आली. "अहो, एकदाचं नक्की करा. उद्या विहीणबाई म्हणतील, आमच्या माणसाला उंबऱ्यावर बसवलं!"

कोयशिगुलनं कप पालथा घातला. "डोकं चालवा. गुहेला दार किती? एक. कुठे? समुद्राकडे. कयाक आत शिरली की पुढचा माणूस दारापासून लांब आणि मागचा दाराशी. म्हणजे व्याही पुढे, साकेन मागे." साकेन म्हणजे मी, सार्सेनबायचा केलेला आदरार्थी तुकडा.

"आणि बाहेर येताना?" मास्तरांनी शेवटचा प्रयत्न केला.

"बाहेर येताना वळवायचीच नाही. उलटी काढायची. तोर जागच्या जागी राहतो."

मास्तरांनीही आपला कप पालथा घातला. मलाही ते इतकं पटलं की मी त्याला मिठी मारली, हे मी आज शरमेनं नमूद करतो.

कयाक मात्र रिकामी नव्हती. कोयशिगुलच्या बायकोनं तिच्यात कुर्त वाळत घातलं होतं, खारट दह्याचे पांढरे गोळे, सातआठशे तरी असतील. वाळायला चार दिवस लागणार म्हणाली, आणि चार दिवस म्हणजे चार दिवस. पाचव्या दिवशी कयाक मिळाली. ती लिफ्टमध्ये मावेना, म्हणून जिन्यानं उतरवली. दुसऱ्या मजल्यावरच्या वळणावर ती अशी अडकली की तिसऱ्या मजल्याची माणसं कामावर जायला तिच्याखालून रांगत गेली. प्रत्येकानं रांगता रांगता सल्ला दिला. धुऊनही तिचा आंबूस वास गेला नाही. उल्बोसिन म्हणाली, असू दे, त्यांना घरच्यासारखं वाटेल.

व्याही आले. विमानतळाच्या दारातून आधी विहीणबाई कुल्यान आल्या, आणि मग दार काही काळ दिसेनासं झालं.  नव्वद हा आकडा यांना शाळेत कधीतरी लागू असेल. माणूस मात्र मायाळू, हसरा, आवाज असा की शेजारच्या टॅक्सीवाल्यानं वळून सलाम केला. मिठी मारून म्हणाले, "व्याहीबुवा, बर्फातून आलोय, आता बुडवा आम्हाला तुमच्या समुद्रात!" सगळे हसले. मी सगळ्यांपेक्षा जास्त हसलो, कारण मला वजनाचा फॉर्म आठवत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला व्याही, विहीणबाई, उल्बोसिन आणि मी धक्क्यावर पोचलो; पोरं कामावर गेली होती. झाल्गास बोट घेऊन तयार होता. हा मुलेट नावाचे मासे पकडणारा किडकिडीत माणूस, दिवसाला दहा शब्द बोलतो आणि तेही जपून. बोटीत दोन थर्मास, परातभर बाउर्साक नावाचे तळलेले पिठाचे गोळे, आणि फडक्यात बांधलेलं उकडलेल्या मेंढीचं अख्खं डोकं चढवलं. व्याह्यांसमोर डोकं ठेवल्याशिवाय जेवण होत नाही, मग ते जेवण समुद्रात का असेना. झाल्गास फडक्याकडे पाहत राहिला. मग त्यानं त्यासाठी जागा केली.

"वारा अकरानंतर उठतो," तो म्हणाला. "लगेच निघू."

पण आशीर्वाद घेतल्याशिवाय निघायचं कसं? वडीलधारे तर व्याहीच. त्यांनी दोन्ही तळवे पुढे धरले आणि सुरुवात केली. बोटीला आशीर्वाद दिला, वल्ह्यांना दिला, माशांना, माझ्या पूर्वजांना नावनिशीवार, मग नावं संपली तेव्हा मला विचारून आणखी दिला. पंचवीस मिनिटं आम्ही तळवे पसरून उभे. शेवटी सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले तेव्हा पहिली झुळूक आली, आणि झाल्गासनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू ती मीच मागवली होती.

मग लाइफ जॅकेट. चौकीकडून नव्वद किलोचं मंजूर झालेलं. ते व्याह्यांच्या पाठीवर दप्तरासारखं बसलं, पुढे मिटायचं नाव नाही. पट्टे तीन वीत अपुरे. "आमच्याकडे उत्तरेला मापं मोठी असतात," व्याही ओशाळून म्हणाले. "छे छे, इथलीच खोटी आहेत!" मी ओरडलो. उल्बोसिननं आपली शाल सोडून ती पट्ट्यांना जोडून बांधली. लाल गुलाबांची, झालर असलेली. माणूस एकदम नवरीसारखा दिसायला लागला, पण बोलणार कोण?

गुहेपाशी पोचलो तेव्हा साडेदहा झाले होते. उंच पिवळट कडा, त्याच्या पायाशी काळं तोंड, आतबाहेर करणारी कबुतरं. बोट नांगरली. बायका बोटीतच थांबणार होत्या. मागून ओढून आणलेली कयाक बाजूला लावली, आणि झाल्गासनं त्या दिवसाचे उरलेले शब्द खर्च केले. "जड माणूस मागे. नाहीतर नाक बुडतं."

"मागे?" उल्बोसिन ताडकन उठली. "व्याह्यांना दाराशी बसवू?"

"कसलं दार?"

"तुला नाही कळायचं. इमारतीत ठरलंय."

झाल्गास माझ्याकडे वळला. मला बरोबर काय ते समजत होतं, देवाशपथ समजत होतं. पण समोर विहीणबाई बसल्या होत्या, हातात कप, डोळे माझ्यावर. मी छाती काढून म्हटलं, "व्याहीबुवा, या, पुढे बसा. तोर तुमचा!"

ते पुढे बसले. कयाकचं शेपूट वर आलं, माझ्यासकट. नाक पाण्यात घुसलं, आणि आम्ही गुहेकडे निघालो ते डोकं खाली घालून चरणाऱ्या मेंढीसारखे. वल्हं फक्त माझ्याकडे. पाहुण्याला कामाला कसं लावायचं? आणि माझं वल्हं दोनदा हवेत तर एकदा पाण्यात. व्याही हात गुडघ्यांवर ठेवून, ताठ, जेवणाच्या पंगतीत बसावं तसे बसले होते. तोंडाशी पोचल्यावर म्हणाले, "आधी तुम्ही." मी म्हटलं, "नाही, आधी तुम्ही." ते म्हणाले, "घर तुमचं आहे." मी म्हटलं, "वयानं तुम्ही थोरले." असं चारदा झाल्यावर ध्यानात आलं की आम्ही एकाच कयाकमध्ये आहोत. तेवढ्यात लाटेनंच निकाल लावला आणि आम्हाला आत ढकललं.

आत मात्र, खोटं कशाला बोलू, माझा जीव हरखला. पाण्याखालून निळा उजेड येत होता आणि छतावर हलत होता. नऊ वर्षांचा असताना मी डोळे मिटून काय घालवलं ते एकोणपन्नास वर्षांनी कळलं. व्याही वर पाहून हळूच म्हणाले, "अरे देवा." मला वाटलं, झालं, काम फत्ते, पोरगी राहिली! आणि त्याच क्षणी खालून खर्र असा आवाज आला. बुडालेलं नाक एका खडकाच्या पायरीवर चढलं आणि रुतून बसलं.

मी मागे वल्हवलं. पुन्हा मागे वल्हवलं. माझं टोक हवेत हलत होतं, व्याह्यांचं टोक पृथ्वीला जडलेलं होतं. उपाय लख्ख दिसत होता. व्याह्यांनी उठून मागे यायचं, मी पुढे जायचं, नाक आपोआप सुटलं असतं. पण तोरावर बसलेल्या व्याह्याला 'उठा' म्हणायचं? माझ्या आजोबांनी तेवढ्यावरून एका माणसाशी बावीस वर्षं अबोला धरला होता.

"व्याहीबुवा," थोड्या वेळानं ते म्हणाले, "इथे असंच बसतात का?"

"हो तर. थोडा वेळ बसतात."

"किती?"

"मन भरेपर्यंत."

"माझं भरलं हो."

"अजून जरा भरू द्या."

बाहेरून झाल्गासची हाक आली, आणि गुहेनं ती मोठी करून चारचारदा ऐकवली. "जड माणसाला मागे घ्या! मागे घ्या! मागे घ्या!" मी ओरडलो, "काही ऐकू येत नाही!" त्यावर उल्बोसिनचा आवाज, तितकाच घुमत, "अहो, त्यांना तोरातून उठवू नका! काही झालं तरी उठवू नका!"

व्याह्यांची मान हलली नाही, पण कान लाल झालेले मला मागून दिसले. एका कबुतरानं त्यांच्या पांढऱ्या भरतकामाच्या टोपीवर, जी मीच आदल्या दिवशी मानानं त्यांच्या डोक्यावर चढवली होती, आपलं मत नोंदवलं. त्यांनी टोपी काढली, पाहिली, परत घातली. पाऊण तास असाच गेला. वारा वाढला, तोंडाशी लाटा आपटायला लागल्या, माझे पाय बधिर झाले, नाकात कुर्ताचा वास, आणि माझ्यासमोर लाल गुलाबांची ती भली मोठी पाठ. मनात म्हणत होतो, हे सगळं कशासाठी केलं? फॉर्म, शिक्का, जिना, शाल! आणि शेवटी हा माणूस चिडून उत्तरेला जाणार, जाताना माझी पोरगी घेऊन जाणार.

आणि माझं डोकं फिरलं.

"उठा!" मी ओरडलो. "व्याहीबुवा, उठा तिथून! तुम्ही जड आहात म्हणून अडकलोय आपण! तुमचं वजन मी नव्वद लिहिलं, खोटं लिहिलं, तुमची ओळखपत्रं चोरून मागवली, मी या गुहेत जन्मात एकदाच आलोय तेही डोळे मिटून, आणि हे सगळं केलं कारण माझी एकच मुलगी आहे आणि मला ती तुमच्या बर्फात पाठवायची नाही! नाही पाठवायची!"

पाठवायची, पाठवायची, असं गुहा किती तरी वेळ म्हणत राहिली. बाहेर बोटीत कप खाली ठेवल्याचा आवाज आला. मी डोळे मिटून घेतले. संपलं होतं सगळं. एकतीस वर्षांच्या नोकरीत मी मंत्र्याच्या बंगल्याचा मीटर तोडूनही इतका गार पडलो नव्हतो.

पुढून आवाज आला. "किती लिहिलंत म्हणालात?"

"नव्वद."

"एकशे एकतीस."

"माफ करा, व्याहीबुवा."

"नव्वद मी सैन्यात होतो." त्यांनी शालीची गाठ चाचपली. "मला पोहता येत नाही. मागच्या पाऊण तासापासून मी जी प्रार्थना येते ती म्हणतोय. उठायचं माझ्या केव्हाच मनात आलं होतं. पण यजमानानं दिलेली जागा सोडायची कशी? तुम्हाला वाईट वाटलं असतं."

असं म्हणून ते उठले. कयाकमध्ये उठायचं नसतं. जग आडवं झालं आणि आम्ही दोघं पाण्यात गेलो. मी तोंडात आलेल्या पाण्यासकट "धरा! धरा!" म्हणत त्यांना शोधू लागलो, त्यांनी मला बगलेत धरलं आणि उभं केलं. पाणी त्यांच्या पोटापर्यंत होतं. आमचा समुद्र गेली कित्येक वर्षं मागे हटतोय, सगळं शहर त्यावर हळहळतं, पण माझ्या डोक्यातला समुद्र अजून तीन पुरुषच होता.

मी म्हटलं, "चला, चालत बाहेर जाऊ."  वळून पाहतो तर व्याही पाठीवर पडले होते. लाइफ जॅकेट मानेखाली, शालीची झालर पाण्यावर पसरलेली, आणि ते सबंध एकशे एकतीस किलो निळ्या उजेडात हलकेच वरखाली होत होते.

"व्याहीबुवा," ते छताकडे बघत म्हणाले, "माझे गुडघे दुखत नाहीत."

"म्हणजे?"

"अकरा वर्षं दुखतायत. उठताना, बसताना, झोपेत. आत्ता दुखत नाहीत." त्यांचे डोळे भरले होते, का समुद्राचं पाणी होतं, कोण जाणे. "जरा थांबूया का? पाच मिनिटं."

आम्ही आणखी तासभर थांबलो. झाल्गास शेवटी पाणी तुडवत आत आला, आमच्याकडे पाहिलं, आणि कयाक घेऊन गेला.

संध्याकाळी घरी जेवण मांडलं. मेंढीचं डोकं समुद्राची सफर करून परत आलं होतं, ते पुन्हा व्याह्यांसमोर ठेवलं.  विहीणबाईंनी सगळं ऐकलेलं, उल्बोसिननं सगळं ऐकलेलं. तोल्गनाय भरलेल्या कपांतही चहा ओतत होती. कोयशिगुल बोलावल्याशिवाय येऊन बसला होता.

व्याह्यांनी सुरी खाली ठेवली. "आमच्या व्याह्यांनी आज मला एक गोष्ट ओरडून सांगितली," ते म्हणाले. मी ताटात पाहू लागलो. "माझ्या वाडवडिलांनी सांगून ठेवलंय की आईबापानं धाकट्याच्या घरी राहावं. ते मी मोडणार नाही."

तोल्गनायनं किटली खाली ठेवली.

"पण ते घर कुठल्या गावात असावं, हे काही कुणी सांगून ठेवलेलं नाही. कुल्यानशी बोललो. पेत्रोपावलचं घर विकतोय. पोरं आहेत त्या गावातच राहतील. आम्हीच इथे येतो."

 मग तोल्गनाय ओठ दाबून स्वयंपाकघरात पळाली, उल्बोसिन विहीणबाईंच्या गळ्यात पडून रडू लागली, आणि माझ्या छातीवरचा एवढा मोठा दगड उतरला की मला उठून नाचावंसं वाटलं.

"जागाही पाहिली," व्याही म्हणाले. "या कोयशिगुलभाऊंनी दुपारी दाखवली. तुमच्याच जिन्यात, तुमच्यासमोरचं दार."

"विकायचं होतंच समोरच्यांना," कोयशिगुल म्हणाला. "मी सकाळीच बोलून ठेवलं होतं."

"तुमचं उघडलं की आमचं दिसेल," व्याही माझ्या पाठीवर थाप मारत म्हणाले. "रोज सकाळी सहाला मी दार वाजवणार. आपण दोघं, कयाक, गुहा. गुडघ्यांसाठी. सुट्टी फक्त बर्फ पडेल त्या दिवशी."

अक्ताऊमध्ये बर्फ वर्षातून दोनदा पडतं, कधी तेही नाही.

मी पाणी प्यायला म्हणून उठलो आणि स्वयंपाकघरात गेलो. तोल्गनाय खिडकीशी उभी होती. तिनं येऊन माझ्या खांद्यावर डोकं टेकलं, लहानपणी टेकायची तसंच. बाहेरच्या खोलीतून व्याह्यांचा आवाज भिंतीतून येत होता. साकेन कसे बुडत होते आणि आपण त्यांना कसं बगलेत धरून वाचवलं, ते कोयशिगुलला रंगवून सांगत होते. कुठलीच भिंत आता जन्मभर तो आवाज अडवू शकणार नव्हती.

"पापा," तोल्गनायनं विचारलं, "खूश आहात ना?"

"हो," मी म्हटलं. आणि खरोखरच होतो, याचीच मला सगळ्यात जास्त चीड आली.